वसुलीवाल्यांकडून कर्जाचे कागद कसे मागायचे? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यंत्रमाग कामगार, विडी वळणाऱ्या बाया, नवी पेठेतले छोटे दुकानदार, माढा-मोहोळकडचे शेतकरी अशा सगळ्यांना हल्ली एकसारखे फोन येतात. 'तुमच्या नावावर एवढी थकबाकी आहे, संध्याकाळपर्यंत भरा.' कुणाचं कर्ज, कधीचं, मुद्दल किती, व्याज किती, यातलं काहीच फोनवर नीट सांगितलं जात नाही. असा फोन आलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. कर्ज बुडवायला शिकवण्याचा यात काही हेतू नाही. घेतलेलं फेडावंच, पण हिशोब बघून फेडावं, आणि हिशोब मागायचा हक्क कर्जदाराचा आहे.

वसुलीवाला आजच पैसे मागतोय. आधी पैसे भरायचे की आधी कागद मागायचे?

आधी कागद. फोनवर एवढंच बोला: 'मला हे लेखी पाठवा. बँकेचं नाव, खाते क्रमांक, तुमच्या संस्थेचं नाव आणि तुमच्या नेमणुकीचं पत्र पाठवा.' रक्कम कबूल करू नका, तारीख देऊ नका आणि 'निदान पाचशे तरी टाका' याला बळी पडू नका. पाचशे रुपयांनी थकबाकी हलत नाही, पण त्या भरण्यामुळे कायद्याच्या मुदतीचं गणित बदलू शकतं. ते पुढे येईलच.

तुमचा हप्ता चालू आहे, बँक ओळखीची आहे आणि एखादाच हप्ता चुकलाय, तर मात्र शाखेत जाऊन तो भरून टाका. तिथे कागदांचा घोळ घालून विलंबाचा आकार वाढवण्यात काही हशील नाही.

फोन करणारी संस्था नक्की कोण, हे कसं ओळखायचं?

सगळं इथूनच सुरू होतं, आणि नेमकं हेच लोक विचारत नाहीत. फोन करणारे तीन प्रकारचे असतात.

पहिला एजंट. कर्ज अजून बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचंच असतं, एजंट फक्त तिच्या वतीने वसुली करतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रकरण वसुली संस्थेकडे देताना बँकेने त्या संस्थेची माहिती कर्जदाराला कळवायची असते. दारात येणाऱ्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असायला हवं. ते बघितल्याशिवाय त्याला घरात बसवू नका.

दुसरा खरेदीदार. बँका थकीत कर्जं मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात. तसं झालं असेल तर तुमचा सावकारच बदलला. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १३० प्रमाणे अशी येणी लेखी दस्तानेच हस्तांतरित होतात, आणि तुम्हाला त्याची सूचना मिळण्याआधी जुन्या बँकेत भरलेले पैसे वाया जात नाहीत. शिवाय कलम १३२ सांगतं की मूळ बँकेविरुद्ध तुमचं जे म्हणणं होतं, म्हणजे चुकीचं व्याज किंवा जमा न दाखवलेला हप्ता, ते नव्या मालकापुढेही मांडता येतं. 'तो जुन्या बँकेचा प्रश्न, आम्हाला काय त्याचं?' हे उत्तर चालत नाही.

तिसरा ठग. 'आम्ही तुमचं कर्ज विकत घेतलंय' असं एखादी साधी वसुली संस्था सांगत असेल तर सावध व्हा. बँकेने कर्ज कुणाला विकायचं हे रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या निर्देशांत ठरवून दिलं आहे: दुसऱ्या बँका, वित्तीय संस्था, नोंदणीकृत फायनान्स कंपन्या, पुनर्रचना कंपन्या. गल्लीतल्या वसुली कचेरीला कर्ज विकत घेता येत नाही. संस्थेचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. कुणाच्या वैयक्तिक फोन-पे क्रमांकावर तर कधीच पैसे पाठवू नका.

कागद मागायचा हक्क मला कोणी दिला?

रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेने. बँकांसाठी ती २००३ पासून आहे, फायनान्स कंपन्यांसाठी २००६ पासून. कर्ज मंजूर करताना किंवा पैसे देताना करारनाम्याची प्रत, आणि करारात उल्लेख असलेल्या प्रत्येक जोडपत्राची प्रत, कर्जदाराला द्यायचीच असते. ती तुम्हाला तेव्हाच मिळायला हवी होती. आज मागताय म्हणजे उपकार मागत नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसोबत मुख्य तथ्य विवरणपत्रही सक्तीचं आहे. त्यात वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत असतो, सगळी शुल्कं असतात, वसुली एजंट नेमण्याचं कलम कोणतं ते असतं, कर्ज दुसऱ्याला विकलं जाऊ शकतं का ते असतं आणि तक्रार अधिकाऱ्याचा फोन व ईमेलही असतो. या पत्रात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

नेमके कोणते कागद मागायचे?

'माझे सगळे कागद द्या' असं लिहिलं की हमखास एक पानी उतारा हातात ठेवतात. म्हणून नावानिशी मागा: सही केलेला करारनामा जोडपत्रांसह, मंजुरीपत्र, २०२४ नंतरचं कर्ज असल्यास मुख्य तथ्य विवरणपत्र, हप्त्यांचं वेळापत्रक, पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचा खातेउतारा, आजच्या मागणीचा फोडून दिलेला हिशोब (मुद्दल, व्याज, दंड, इतर खर्च वेगवेगळे), वसुली संस्थेचं नेमणूकपत्र, आणि कर्ज विकलं असल्यास हस्तांतरणाचा तुमच्या खात्यापुरता दस्त.

दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात. एक, तुमच्याकडून घेतलेल्या कोऱ्या सहीच्या चेकांची यादी क्रमांकांसह मागा. दुसरी, कर्जासोबत काढलेल्या विम्याचं प्रमाणपत्र. पैसे हातात पडतानाच विम्याचा हप्ता कापून घेतलेला असतो, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो.

क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर करारनाम्याच्या जागी अर्जाची सही केलेली प्रत, मुख्य अटी व शर्ती आणि महिन्यावार बिलं मागा.

अर्जात काय लिहायचं? मुख्य म्हणजे काय लिहायचं नाही?

मजकूर असा ठेवा:

*प्रति, तक्रार निवारण अधिकारी, (बँकेचे / कंपनीचे नाव).*
*विषय: कर्ज खाते क्र. ……… संबंधी कागदपत्रांच्या प्रती व हिशोब मिळणेबाबत.*
*महोदय, वरील खात्यापोटी आपल्या वतीने ……… या संस्थेने दि. ……… रोजी माझ्याकडे रु. ……… ची मागणी केली आहे. या मागणीची पडताळणी करता यावी म्हणून खालील कागदपत्रांच्या प्रती मला द्याव्यात. (यादी.) प्रस्तुत पत्र म्हणजे सदर रकमेची अथवा देण्याची कबुली नव्हे. कागदपत्रे मिळाल्यावर मी माझे म्हणणे लेखी कळवीन. तोवर सदर मागणी वादग्रस्त आहे अशी आपल्या दप्तरी नोंद घ्यावी.*

खाली तारीख, सही, पत्ता.

'कबुली नव्हे' हे वाक्य का घालायचं? विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो, असं मुदतीचा कायदा, १९६३ सांगतो. मुदत संपण्याआधी तुम्ही सहीनिशी देणं मान्य केलंत, किंवा थोडे पैसे भरलेत आणि त्याची तुमच्या हातची किंवा सहीची नोंद राहिली, तर तीन वर्षं त्या दिवसापासून पुन्हा मोजली जातात. मुदत उलटून गेल्यावरही तुम्ही 'मी हे फेडीन' असं लेखी वचन दिलंत तर करार कायद्याच्या कलम २५ मुळे ते नव्याने बांधील ठरतं. म्हणून 'साहेब, परिस्थिती नाही, पण पुढच्या दिवाळीला नक्की देतो' अशी कळवळून लिहिलेली चिठ्ठी फार महागात पडू शकते. घर किंवा जागा गहाण असेल तर मात्र मुदत बारा वर्षांची असते. तिथे तीन वर्षांच्या भरवशावर राहू नका.

आणखी एक. 'मी कर्ज घेतलेलंच नाही' असं खोटं लिहू नका. उतारा पुढे आला की तुमच्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो. कबूलही करायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. वरच्या मजकुरात दोन्ही सांभाळलं आहे.

अर्ज वसुली संस्थेला द्यायचा की बँकेला?

दोघांना, पण भार बँकेवर ठेवा. एजंटाकडे करारनामा बहुतेक वेळा नसतोच, त्याच्याकडे फक्त नाव, फोन आणि आकड्यांची यादी असते. एजंटाने केलेल्या कामाची जबाबदारी बँकेचीच, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलेलं आहे. कर्ज पुनर्रचना कंपनीने घेतलं असेल तर अर्ज तिला, आणि एक प्रत मूळ बँकेच्या शाखेला.

हाताने देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'ठेवून जा, बघतो' याला पोहोच म्हणत नाहीत. शिक्का देत नसतील तर पोस्ट गाठा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा 'आर.पी.ए.डी.' (पोहोचपावतीसह रजिस्टर पोस्ट) मागितलंत तर खिडकीवर स्पीड पोस्टच करायला सांगतील. पावती जपा, वेबसाइटवरचा 'वाटप झालं' हा शेरा छापून ठेवा. सोबत ईमेलही टाका. स्टँपपेपर, नोटरी काही लागत नाही, साधा कागद चालतो. अर्ज मराठीत दिला तरी चालतो.

एका व्हिडिओत सांगितलं की बारा दिवसांत करार दिला नाही तर कर्ज माफ. खरं का?

नाही. बारा कामकाजी दिवस आणि एक पौंड फी हा ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातला नियम आहे. आणि तिथेही त्याने कर्ज पुसलं जात नाही, कागद देईपर्यंत सावकाराला वसुलीचा हुकूम मिळवता येत नाही, एवढंच. 'कर्ज सिद्ध करा' अशी मागणी कर्जदाराने तीस दिवसांत करायची, हा नियम अमेरिकेतला. तिकडचे नमुने मराठीत उतरवून विकणारे लोक आहेत. कर्जदार ते पत्र विश्वासाने पाठवतो, बँकेचा वकील ते बाजूला सारतो आणि मधले महिने फुकट जातात. आपल्याकडचा रस्ता वर सांगितला तो: उचित व्यवहार संहिता, मग तक्रार, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल किंवा ग्राहक आयोग.

आपल्याकडे तीस दिवस मोजायचे ते तक्रारीच्या उत्तरासाठी.

करार इंग्रजीत आहे. आमच्या घरी तेलुगू बोलतात, आई फक्त अंगठा लावते. काय करायचं?

अशोक चौक, साखर पेठ भागातल्या कितीतरी घरांत हीच अवस्था, आणि अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड बोलणाऱ्यांची. फायनान्स कंपनीने मंजुरीपत्र आणि करार कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावा असं संहिता सांगते. मुख्य तथ्य विवरणपत्राबाबत तर नियम सरळ आहे: कर्जदाराला कळेल त्या भाषेत, आणि समजावून सांगून पोहोच घ्यायची. तेव्हा अर्जात लिहा, 'मला मराठी / तेलुगू / कन्नड समजते, त्या भाषेतील प्रत द्यावी.' अंगठा लावला असेल तर मजकूर वाचून दाखवल्याचा शेरा आणि साक्षीदाराची सही करारावर आहे का ते बघा. भाषा कळत नव्हती एवढ्यावर कर्ज रद्द होईल अशी आशा मात्र धरू नका. खरोखर हातात आलेले पैसे परत करावेच लागतात, वाद होऊ शकतो तो अटींवर आणि आकारांवर.

महिला गटातून घेतलेल्या मायक्रोफायनान्स कर्जाला करार असतो का?

असतो, आणि त्याबरोबर कर्जकार्ड द्यावंच लागतं, तेही समजणाऱ्या भाषेत. रिझर्व्ह बँकेची १ एप्रिल २०२२ पासूनची चौकट वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या विनातारण कर्जांना लागू आहे. कार्डावर व्याजदर, अटी, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद आणि तक्रार कुठे करायची ते असायला हवं. दंड लावायचाच तर थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही.

विडी घरकुल किंवा कुंभारीच्या वसाहतीत एका घरात दोन-तीन कंपन्यांची कार्डं सापडतात. काही वेळा कार्ड केंद्रप्रमुख बाईकडेच ठेवलेलं असतं. ते आजच परत घ्या. कार्ड कर्जदाराचं असतं. हप्त्याच्या दिवशी कार्डावर सही नसेल तर भरलेले पैसे पुढे सिद्ध करणं फार कठीण जातं, आणि मजुरीतून दर आठवड्याला काढून भरलेला पैसा असा हवेत विरताना बघून जीव तुटतो. वसुली ठरलेल्या जागी व्हायला हवी. लागोपाठ दोन वेळा तुम्ही तिथे गेला नाहीत, तरच त्यांना घरी किंवा कामाच्या ठिकाणी येता येतं.

पतसंस्थेचं कर्ज आहे. तिथे रिझर्व्ह बँकेचे नियम चालतात का?

नाही. नागरी सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येते, पतसंस्था येत नाही. पण पतसंस्थेच्या सभासदाकडे दुसरं चांगलं हत्यार आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे संस्थेच्या दप्तरातल्या तुमच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी तुम्हाला विनामूल्य पाहता येतात. लेखी मागणी करून ठरलेली फी भरली की महिन्याभरात नकला द्याव्या लागतात. कर्जदार हा सभासद असतोच, त्यामुळे 'तुम्ही फक्त कर्जदार, तुम्हाला दप्तर कशाला?' हा प्रश्न उरत नाही. नकला दिल्या नाहीत तर सहायक किंवा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा.

खरी घाई असते ती कलम १०१ च्या नोटिशीत. पतसंस्था आणि सहकारी बँका दिवाणी कोर्टात न जाता निबंधकाकडून वसुली दाखला मिळवतात. दाखला निघाला की विशेष वसुली अधिकारी जप्ती आणि लिलावापर्यंत जाऊ शकतो. त्या दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणी मागायची तर वसूल करायच्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ज्याला हप्ता भरता येत नाही तो निम्मी रक्कम कुठून आणणार? म्हणून १०१ ची नोटीस आली की सुनावणीच्या तारखेला स्वतः हजर राहा, तिथेच लेखी अर्ज द्या: 'करारनामा आणि संपूर्ण खातेउतारा मिळावा, त्यानंतर म्हणणे मांडण्यास मुदत द्यावी.' संस्थेला दाव्यासोबत थकबाकीचा हिशोब द्यावाच लागतो, त्याची नक्कल मागा. नोटीस घेतली नाही म्हणजे सुनावणी टळली, असं समजणारे पुष्कळ आहेत. सुनावणी त्यांच्या पाठीमागे होते आणि दाखला घरी येतो.

ॲपवरून घेतलेल्या कर्जाचे कागद कुठे मिळतात?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने डिजिटल सहीचे कागद करार होताच तुमच्या ईमेल किंवा फोनवर आपोआप यायला हवेत. आधी जुने मेसेज आणि ईमेल चाळा. ॲप हे बहुधा फक्त मध्यस्थ असतं, पैसे देणारी बँक किंवा फायनान्स कंपनी वेगळी असते, अर्ज तिला करा. नियमात बसणाऱ्या ॲपांची यादी १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. त्यात नाव नसेल आणि फोनमधले फोटो, नातेवाइकांचे नंबर वापरून धमकावत असतील तर १९३० वर सायबर तक्रार करा, रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही नोंदवा.

मी फक्त जामीनदार आहे. मला कागद मागता येतात का?

मागता येतात आणि मागाच. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असं म्हणून सुटका होत नाही. पण करार कायद्याने जामीनदाराला संरक्षणही दिलं आहे. तुमच्या संमतीशिवाय मूळ कराराच्या अटी बदलल्या तर त्यानंतरच्या व्यवहारांतून तुम्ही मोकळे होता (कलम १३३). संस्थेने तारण हातचं घालवलं किंवा तुमच्या संमतीशिवाय सोडून दिलं तर त्या किमतीपुरते मोकळे होता (कलम १४१). हे सिद्ध कशाने होणार? हमीपत्र, नूतनीकरणाचे कागद आणि तारणाची नोंद यांनीच. जुनं कर्ज मिटवून नवं वाढीव कर्ज दाखवलं आणि जामिनाची सही जुनीच चालवली, हे पतसंस्थांच्या प्रकरणांत जरूर तपासण्यासारखं आहे. भिडेपोटी सही केली असली तरी कागद मागताना भीड ठेवू नका.

नवरा वारला. वसुलीवाले मला कर्ज भरायला सांगतायत.

तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली आहे का, हे करारनाम्यावरूनच कळेल. सही नसेल तर वारस म्हणून जबाबदारी मयताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, तुमच्या स्वतःच्या मजुरीवर किंवा माहेरच्या दागिन्यांवर ती येत नाही. काहीही लिहून देण्याआधी मृत्यू दाखल्याची प्रत जोडून करार, उतारा आणि कर्जाशी जोडलेल्या विम्याचं प्रमाणपत्र मागा. विमा निघाला तर कर्ज त्यातूनच फिटू शकतं, आणि दावा लवकर दाखल करायला हवा. घरातलं माणूस गेलेलं असताना कुणी येऊन सही मागत असेल तर 'तेराव्यानंतर लेखी पाठवा' एवढंच सांगा, आणि विम्याचा कागद हाती येईपर्यंत सही करू नका.

कागद मागितले की वसुली थांबते का?

बँकांसाठीचा नियम असा की कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना प्रकरण वसुली एजंटाकडे पाठवू नये, तक्रार निव्वळ त्रास देण्यासाठी केली आहे असं पुराव्यानिशी दिसत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून अर्जाला उत्तर आलं नाही की 'तक्रार' हा शब्द घालून दुसरं पत्र द्या. व्याज मात्र चालूच राहतं.

कायदेशीर नोटिशींचं घड्याळही थांबत नाही. चेक परत गेल्याची कलम १३८ ची नोटीस मिळाली की पैसे द्यायला पंधरा दिवस. तारण मालमत्तेबाबत सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस असेल तर साठ दिवस. त्या काळात तुम्ही लेखी हरकत घेतलीत तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं, आणि कागदांची मागणी याच हरकतीत घालता येते. पुढे ताब्याची कारवाई झाली तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरण. शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागू नाही. चेन्नई-मुंबईच्या लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्या पंचाची, नोटीस आली तर तीही बाजूला टाकू नका. लवादाचं कलम करारात आहे का आणि कोणत्या शब्दांत, हे विचारत लगेच उत्तर द्या. एका पक्षाने स्वतःच्या मर्जीने एकटा लवाद नेमण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली आक्षेप घेतलेला आहे.

यातली कोणतीही नोटीस हातात असेल तर या पानावर थांबू नका, वकील गाठा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात चौकशी केल्यावर सापडतं.

कागद मिळाले. आता काय बघायचं?

सहीपासून सुरुवात करा: तुमचीच आहे का, कोऱ्या जागा नंतर वेगळ्या शाईने भरलेल्या आहेत का. मग करारातला व्याजदर आणि उताऱ्यात प्रत्यक्ष लावलेला दर समोरासमोर ठेवा. तुमच्या पासबुकातून गेलेला प्रत्येक हप्ता उताऱ्यात जमा दिसतोय का, एकेक ओळ टिकमार्क करत जा. कंटाळवाणं काम आहे, पण चूक असली तर इथेच सापडते. रोख भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या असतील तर त्या आधी मिळवून बघा.

दंडाकडे खास लक्ष द्या. रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या परिपत्रकाने बँका आणि फायनान्स कंपन्यांचं दंडव्याज बंद केलं. २०२४ पासून फक्त दंडशुल्क लावता येतं, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. क्रेडिट कार्डांना हा नियम नाही. उताऱ्यात २०२४ नंतरही दंडाची रक्कम मुद्दलात मिसळलेली दिसली तर ती ओळ नमूद करून लेखी हरकत घ्या.

जोडीला सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षाला एकेक अहवाल फुकट मिळतो, तो काढा. तिथली बाकी आणि वसुलीवाल्याची मागणी जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे.

महिना झाला, उत्तरच नाही. किंवा म्हणतात कागद सापडत नाहीत.

लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते, जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्राला टपालाने. चौकशीसाठी १४४४८. फी नाही, वकील लागत नाही. जी संस्था लोकपालाच्या कक्षेत येत नाही तिची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक कक्षाकडे जाते. सोबत पोहोच असलेल्या अर्जाची प्रत हवी. पोहोच घ्या म्हणून वर एवढा आग्रह धरला तो यासाठी.

सरकारी बँक असेल तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात स्वतःच्या खात्याचे कागद मागता येतात. खासगी बँक, फायनान्स कंपनी यांना तो कायदा लागू नाही, आणि सहकारी संस्थांना सरसकट लागू नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आहे. सेवेतल्या त्रुटीबद्दल सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

'कागद सापडत नाहीत' असं म्हणत असतील तर तेच लेखी मागा. दावा लागला तर करार सिद्ध करायची जबाबदारी त्यांची, आणि ते पत्र तेव्हा मोठ्या कामाचं.

कागद मागितल्यापासून जास्तच त्रास देतायत. शेजाऱ्यांना सांगतात, रात्री फोन करतात.

सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर (मायक्रोफायनान्स कर्ज असेल तर नऊच्या आधी आणि सहानंतर) थकीत कर्जासाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. चारचौघांत अपमान करणं, नातेवाइकांना गाठणं, धमकावणं, सगळं नियमाबाहेर. फोनची वेळ, नंबर आणि बोलणं वहीत लिहा, रेकॉर्डिंग ठेवा, बँकेला त्याच दिवशी ईमेल करा. दारात दमदाटी झाली तर ११२. गुन्हेगारी धाकदपटशाचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५१ आहे. कर्ज थकणं हा गुन्हा नव्हे, त्यापायी कुणी घराबाहेर पडायचं सोडू नये. रात्री झोप लागत नसेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर घरातल्या एका माणसाला आजच सांगा, किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येतं.

लोकअदालतीची नोटीस आली आहे. तिथे कागद मागता येतात का?

येतात. लोकअदालतीत तडजोड तुमच्या मर्जीनेच होते, कुणी सक्ती करू शकत नाही. पण एकदा सही झाली की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. म्हणून तारखेच्या आधी करार आणि उतारा मागा. मिळाले नसतील तर पॅनेलपुढे तसं सांगून पुढची तारीख मागा. गर्दीत, दोन मिनिटांत, 'अर्ध्यात मिटवतोय, करा सही' या घाईत ते 'अर्धं' कशाचं अर्धं आहे हे कळत नाही. फुगवलेल्या आकड्याचं अर्धं कधीकधी खऱ्या देण्याहून जास्त भरतं.

कर्ज फिटलं, तडजोड झाली. आता कागद टाकून दिले तर चालतील?

नाही. आधी बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असं पत्र) घ्या, कोरे चेक यादीप्रमाणे परत घ्या. घर-जागेचे मूळ कागद पूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांत परत करावे लागतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, १ डिसेंबर २०२३ पासून. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा चढलेला असेल तर तो कमी करण्याचं पत्र तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात स्वतः नेऊन द्या. तडजोडीत रक्कम कमी केली असेल तर सिबिलमध्ये 'बंद' ऐवजी 'सेटल्ड' लागतं, पुढच्या कर्जाला ते अडतं. तडजोडीच्या पत्रात काय नोंद करणार हे पैसे भरण्याआधीच लिहून घ्या.

करार, उतारा, पावत्या आणि बेबाकी दाखला एकाच पाकिटात ठेवा, मोबाइलवर फोटो काढून एक संच घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवा. जुनी कर्जं गठ्ठ्याने विकली जातात, त्या गठ्ठ्यात मिटलेलं खातंही चुकून जातं, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा कुणीतरी नव्या नावाने फोन करतं. तेव्हा बेबाकी दाखल्याचा फोटो पाठवून त्याच दिवशी मूळ बँकेला लेखी कळवायचं.